अत्तर एक, सुवास अनेक

लग्नकार्यांत, हळदीकुंकवाच्या समारंभांत, किंवा दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर हाताच्या पाठीस अत्तराचें बोट लावण्याची चाल महाराष्ट्रांत फार जुनी आहे. एकाच कुपींतील एकच अत्तर यजमान ओळीनें बसलेल्या दहा पाहुण्यांच्या हातांस लावीत जातात. परंतु घटकाभरानें त्याच दहा हातांचा वास कोणी घेऊन पाहिला, तर तो दहाहि ठिकाणीं सारखा आढळेल असें नाहीं. एकाच्या हातावर तें पावसानें भिजलेल्या मातीसारखें दरवळतें, दुसऱ्याच्या हातावर मसाल्याच्या डब्यासारखें तिखट भासतें, आणि तिसऱ्याच्या हातावरून तें केव्हांच नाहींसें झालेलें असतें. मग कोणी म्हणतो, “यांच्या अंगास अत्तर मानवतें,” तर कोणी म्हणतो, “आमच्या अंगास मेलें कांहीं लागतच नाहीं!”

हा भेद खरा कीं मनाचा खेळ? खरा असेल तर त्याचें कारण अत्तरांत, अंगांत, कीं वास घेणाऱ्याच्या नाकांत शोधावयाचें? प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक दिसतो. तथापि तो तसा नाहीं. अत्तरावर पैसे खर्च करणाऱ्या पालकांस त्याचा उपयोग आहेच. पण त्याहूनहि मोठी गोष्ट ही कीं, अंगाच्या वासावरून माणसाची पारख करण्याची एक वाईट खोड आपल्या समाजांत आहे, व ती शाळेच्या बांकांपर्यंत येऊन पोंचलेली आहे. ‘अमक्याच्या अंगाला वास येतो’, ‘तमक्या वस्तींतलीं मुलें लांबून ओळखूं येतात’ असे उद्गार मधल्या सुटींत ऐकूं येतात, आणि ज्याच्याविषयीं ते निघतात त्या मुलाच्या मनास ते वर्षानुवर्षें बोचत राहतात. वास म्हणजे काय, तो कोठून येतो व आपणांस कसा कळतो, हें नीट समजल्यास असे उद्गार काढण्यापूर्वीं मनुष्य चार वेळां विचार करील. म्हणून प्रस्तुत लेखांत या विषयाचें यथामति विवेचन करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विवेचनास एखादें निश्चित उदाहरण असावें, म्हणून आपण ‘शमामा’ या नांवाचें अत्तर घेऊं. गुलाब, मोगरा, केवडा हीं फुलांचीं अत्तरें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. शमामा त्यांहून निराळें. तें मुळ्या, कंद, लांकूड व मसाले यांचें अत्तर होय. उत्तर प्रदेशांत गंगेच्या खोऱ्यांत कनोज म्हणून जें प्राचीन नगर आहे, जें सातव्या शतकांत सम्राट् हर्षवर्धनाची राजधानी होतें, तेथील कारागीर हें अत्तर पिढ्यान् पिढ्या काढीत आले आहेत. प्रत्येक घराण्याची कृति निराळी, व ती गुप्त ठेवण्याची चाल. परंतु नागरमोथा, जटामांसी, कपूरकचरी, दगडफूल, लवंग, वेलदोडा, जायफळ, जायपत्री हीं द्रव्यें तींत बहुधा येतात, आणि कांहीं कृतींत राळेचीं द्रव्येंहि घालतात. हीं नांवें वाचून आमच्या वाचकभगिनींस हंसूं येईल. कारण यांतील अर्धीं द्रव्यें त्यांच्या घरींच आहेत. दगडफूल गोड्या मसाल्यांत पडतें, नागरमोथा दिवाळीच्या उटण्यांत पडतो. जटामांसी ही हिमालयाच्या उंच उतारांवर उगवणारी वनस्पति; हिच्या मुळांचा सुगंध प्राचीन काळीं पश्चिमेकडे फार दूरवर जात असे. योहानकृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायांत बेथानी येथील मरीयेनें जें बहुमोल सुगंधी तेल ओतिलें व ज्याच्या वासानें सारें घर भरून गेलें, तें या जटामांसीचेंच होय असें सामान्यतः मानितात.

शमामा काढण्याची रीत पाहण्यासारखी आहे. तांब्याच्या मोठ्या हंड्यांत, ज्यास ‘देग’ म्हणतात, पाण्यासह सुगंधी द्रव्यें घालून झांकण चिकणमातीनें लिंपून टाकतात. झांकणांतून सुतळी गुंडाळलेली वेळूची नळी निघून ती लांब मानेच्या दुसऱ्या एका तांब्याच्या भांड्यांत जाते. या भांड्यास ‘भपका’ म्हणतात. येथें भपका म्हणजे थाटमाट नव्हे. भपका गार पाण्याच्या टांक्यांत बुडविलेला असून त्याच्या आंत चंदनाचें तेल असतें. देगेखालीं विस्तव पेटविला म्हणजे वाफ नळीवाटे भपक्यांत येते, थंड होऊन तिचें पाणी होतें, आणि तिनें बरोबर आणिलेला सुगंध चंदनाच्या तेलांत शिरतो. मग पाणी काढून टाकतात व तेल ठेवितात. शमाम्यासाठीं हा क्रम निरनिराळ्या द्रव्यांनीं पुनः पुनः करावा लागतो. तापमापक यंत्रावांचून केवळ हाताच्या स्पर्शानें व आंतून येणाऱ्या आवाजानें विस्तव किती ठेवावा हें कारागीर ठरवितो. अलीकडे चंदनाचें तेल फार महाग झाल्यामुळें पुष्कळ ठिकाणीं त्याच्या जागीं स्वस्त खनिज तेल वापरतात. पालकांनीं अत्तर विकत घेतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. कारण तळचें तेल बदललें कीं अत्तराची चालहि बदलते.

अशा रीतीनें तयार झालेल्या एका थेंबांत एक पदार्थ नसून कितीतरी पदार्थ एकत्र नांदत असतात. वास येणें म्हणजे त्या पदार्थांचे अतिसूक्ष्म रेणु हवेंत उडून नाकापर्यंत पोंचणें. सगळे रेणु सारख्याच वेगानें उडत नाहींत. वेलदोड्यांतील सिनिऑल हें द्रव्य सुमारें १७६ अंश सेल्सिअस उष्णतेस उकळतें, लवंगेंतील युजेनॉल सुमारें २५४ अंशांस, आणि चंदनांतील सँटॅलॉल सुमारें ३०० अंशांस. आपला हात कांहीं इतका तापत नाहीं हें खरें. परंतु दोरीवर वाळत घातलेल्या धोतरांतील पाणी न उकळतांच जसें उडून जातें, तसेच हे रेणुहि उडतात, व जो पदार्थ कमी उष्णतेस उकळतो तो सामान्यतः लवकर उडतो. शाळा सुटल्याची घंटा झाली म्हणजे खालच्या वर्गांतील चिमुकलीं मुलें धूम ठोकतात, वरच्या वर्गांतील विद्यार्थी गप्पा मारीत निघतात, आणि वह्या तपासीत बसलेले मास्तर सर्वांच्या मागून कुलूप लावून जातात. अत्तराचेंहि तसेंच आहे. आरंभीं वेलदोड्याचा तरतरीत वास, मग लवंग व जायफळ यांचा ऊबदार वास, आणि शेवटीं चंदन, जटामांसी व मोथा यांचा संथपणें दरवळत राहणारा काष्ठगंध.

यावरून पहिली गोष्ट अशी निघते कीं, ‘अत्तराचा वास’ हा एक वास नसून ती वासांची मिरवणूक आहे. एकाच्या हातास पांच मिनिटांपूर्वीं लाविलेलें व दुसऱ्याच्या हातास दोन तासांपूर्वीं लाविलेलें अत्तर यांची तुलना करणें म्हणजे मिरवणुकीचें तोंड पाहिलेल्यानें शेंपूट पाहिलेल्याशीं भांडण्यासारखें आहे. दोघेहि खरें सांगतात, पण दोघांनीं निरनिराळी गोष्ट पाहिलेली असते. बाजारांतील फवाऱ्याच्या सुगंधांत बहुतेक भाग मद्यार्काचा असतो. तो क्षणांत उडून जातो व आरंभींचा वास एकदम नाकांत भरतो. अत्तरांत मद्यार्क नसून तेल असल्यामुळें त्याची मिरवणूक सावकाश निघते व सावकाश संपते. म्हणून अत्तराची पारख पहिल्या हुंगण्यावर कधींहि करूं नये.

आतां ज्या रस्त्यावरून ही मिरवणूक जाते ती त्वचा पाहूं. शरीराच्या आंतली उष्णता ३७ अंशांच्या सुमारास स्थिर असते. त्वचेची तशी नसते. मनगटावर ती बहुधा ३२ ते ३४ अंशांच्या आसपास असते, व थंडीच्या सकाळीं बोटांवर तीहून पुष्कळच कमी. ऊब अधिक तर रेणु अधिक वेगानें उडणार. म्हणून ऊबदार हातावर अत्तर मोठ्यानें बोलतें पण लवकर थकतें. थंड हातावर तें हळू बोलतें पण पुष्कळ वेळ बोलतें. खेळून आलेल्या मुलाच्या व सावलींत वाचीत बसलेल्या मुलाच्या हातावरील एकच अत्तर निराळें कां भासतें, याचें अर्धें उत्तर येथेंच मिळालें.

दुसरी गोष्ट त्वचेची स्निग्धता. आपल्या त्वचेंत तेलकट द्रव्य स्रवणाऱ्या असंख्य सूक्ष्म ग्रंथि आहेत. कपाळ, नाक व डोक्याची त्वचा येथें त्या दाट आहेत, हाताच्या पाठीवर विरळ आहेत, आणि तळहात व तळपाय यांवर तर मुळींच नाहींत. सुगंधी रेणु हे जातीनें तेलाचे सोयरे असल्यामुळें स्निग्ध त्वचा त्यांस धरून ठेविते व सावकाश सोडते. कोरडी, भेगाळलेली त्वचा साधारणतः तसें करीत नाहीं. ‘आमच्या अंगास अत्तर लागत नाहीं’ असें म्हणणाऱ्या पुष्कळांची त्वचा नुसती कोरडी असते. त्यांनीं तेलाचा पुसट हात फिरवून त्यावर अत्तर लावून पाहावें. मात्र त्या तेलास स्वतःचा वास नसावा, नाहींतर खोबरेलाचाच वास पुढें येईल. तारुण्यांत पाऊल ठेवणाऱ्या मुलामुलींची त्वचा अधिक स्निग्ध होते, व उतारवयांत ती कोरडी होत जाते. तेव्हां नातवाच्या मनगटावर संध्याकाळपर्यंत टिकणारें अत्तर आजोबांच्या मनगटावर दुपारींच संपलें, तर त्यांत नवल नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे, आणि ती आम्ही विद्यार्थ्यांपुढें मोकळेपणानें मांडतों. प्रत्येक अंगास स्वतःचा असा एक वास असतो. मनुष्याच्या अंगावर वीस ते चाळीस लक्ष घर्मग्रंथि आहेत. त्यांतून येणारा घाम बहुतांशीं पाणी व मीठ असून ताजा असतांना तो जवळजवळ निर्गंध असतो. काखेंत मात्र निराळ्या जातीच्या ग्रंथि आहेत, व त्या तारुण्याच्या उंबरठ्यावर काम करूं लागतात. त्यांच्या स्रावासहि आरंभीं फारसा वास नसतो. त्वचेवर राहणारे जीवाणु त्याचें विघटन करितात तेव्हां वास उत्पन्न होतो. म्हणजे ज्यास आपण घामाचा वास म्हणतों तो वस्तुतः जीवाणूंच्या जेवणावळीचा वास होय! हे जीवाणु प्रत्येकाच्या अंगावर थोडे निराळे. शिवाय आहाराचा परिणाम आहे: लसूण खाल्ली कीं तिच्यांतील एक द्रव्य श्वासावाटे व त्वचेवाटे बाहेर पडतें, व मेथीचे लाडू खाणाऱ्याच्या घामास मेथीचा वास येतो. आणि अनुवंशाचाहि परिणाम आहे: कानांतील मळ ओला असावा कीं कोरडा हें एका जनुकावर अवलंबून असल्याचें जपानी संशोधकांनीं २००६ सालीं दाखविलें, त्याच जनुकावर काखेच्या वासाचें प्रमाणहि अवलंबून आहे. पूर्व आशियांत कोरड्या मळाचे लोक पुष्कळ, व त्यांच्या काखेस वास अल्प. हें त्यांच्या सद्गुणाचें फळ नव्हे, कीं इतरांच्या दुर्गुणाचेंहि नव्हे. ती जन्मतःच पदरीं आलेली गोष्ट आहे.

अत्तर अंगास लाविलें म्हणजे तें या अंगच्या वासांत मिसळतें, व नाकास कळतो तो मिश्रणाचा वास. येथें एक लोकसमजूत तपासून घेऊं. त्वचा किंचित् आम्ल आहे, म्हणून ती अत्तराचें रसायनच पालटून टाकते, असें पुष्कळदां ऐकूं येतें. त्वचा आम्ल आहे हें खरें; पण लिंबाच्या रसाच्या मानानें ती आम्लता अगदींच सौम्य आहे, आणि चंदनाच्या तेलाचें दोनचार तासांत दुसरेंच कांहीं करून टाकण्याइतकें बळ तिच्यांत नाहीं. त्वचा मुख्यतः दोन कामें करिते: अत्तराच्या रेणूंस ती कमीअधिक वेगानें सोडते, व त्यांच्यांत आपला सूर मिसळते. चीज एकच, गळे निराळे, असा हा प्रकार आहे.

या मिश्रणाविषयीं एक मनोरंजक प्रयोग चेक देशांतील प्राग शहरच्या चार्ल्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केला. कांहीं माणसांनीं स्वतः पसंत करून नेहमीं वापरलेला सुगंध, आणि प्रयोग करणाऱ्यांनीं त्यांस नेमून दिलेला सुगंध, असे दोन्ही त्यांच्या काखेस लावून तेथें कापसाच्या घड्या ठेविल्या, व त्या घड्या दुसऱ्यांस हुंगावयास दिल्या. नुसते सुगंध हुंगणाऱ्यांस सारखेच आवडले होते. तरी अंगाच्या वासाशीं मिसळल्यावर स्वतः निवडलेल्या सुगंधाचें मिश्रण अधिक सुखद ठरलें. यावरून असें दिसतें कीं मनुष्य नकळत आपल्या अंगास जुळेल असाच सुगंध निवडतो. तेव्हां मित्राच्या हातावर आवडलें म्हणून अत्तर विकत घेऊं नये; आपल्या मनगटास लावून, अर्धा प्रहर थांबून, मग पैसे मोजावे.

येथवर आपण अत्तराची व अंगाची चौकशी केली. परंतु साक्षीदाराची चौकशी राहिलीच आहे. तो साक्षीदार म्हणजे वास घेणाऱ्याचें नाक. लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९९१ सालीं गंध ओळखणाऱ्या ग्राहकांचा, म्हणजे नाकाच्या आंतील पेशींवर रेणु टिपून घेणाऱ्या प्रथिनांचा, शोध लाविला, व त्याबद्दल त्यांस २००४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मनुष्याच्या नाकांत असे सुमारें ४०० प्रकारचे ग्राहक आहेत. हे सर्वांचे सारखे असते तर साक्ष सारखी झाली असती. पण कोणत्याहि दोन माणसांच्या ग्राहकांपैकीं सुमारें ३० टक्के ग्राहक निरनिराळ्या रीतीनें वागतात, असें २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें. म्हणजे एका बांकावर शेजारीं शेजारीं बसणाऱ्या दोन मित्रांचीं नाकें एक नव्हेत.

याचें एक उदाहरण आमच्या शमाम्याच्या अगदीं जवळचें आहे. मोथा अथवा लव्हाळा, शेतकऱ्यास पिकांत नकोसें झालेलें तें तण, याचें शास्त्रीय नांव सायपेरस रोटुंडस. त्याच्या कंदाच्या तेलांत सांपडलेल्या एका द्रव्यास त्यावरूनच रोटुंडोन हें नांव पडलें. काळ्या मिऱ्याचा खास वास मुख्यतः या द्रव्याचा आहे, हें ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं २००८ सालीं दाखविलें. मरवा व रोझमेरी यांतहि तें आहे. तें इतकें उग्र कीं एक लिटर पाण्यांत एका ग्रॅमचे आठ अब्जांश एवढें असलें तरी पुष्कळांस कळतें. परंतु त्याच संशोधकांनीं त्याच्या पांचशेंपट प्रमाण घेऊन पाहिलें, तरी हुंगणाऱ्यांपैकीं सुमारें पांचांत एकास कांहींच वास आला नाहीं! आतां विचार करा: असे दोघे जण एकाच हातावरील मिरेरी काष्ठगंध हुंगूं लागले, तर एक म्हणेल, “केवढा तिखट वास!” व दुसरा म्हणेल, “छे, हा तर नुसता गोडसर आहे.” दोघांपैकीं खोटें कोणीच बोलत नाहीं.

नाकाच्या आणखीहि खोडी आहेत. एकच वास सतत घेत राहिलें तर तें लवकर थकतें, व म्हणूनच स्वतःचें अत्तर स्वतःस कळेनासें होतें आणि मनुष्य आणखी लावीत सुटतो. वय व तंबाखूची धूम्रपानें यांनीं घ्राणशक्ति मंदावते. २०२० सालच्या कोरोनाच्या साथींत तर कित्येकांचा वास कांहीं काळ अजिबात गेला होता, हें पालकांस आठवत असेल. परंतु सर्वांत मोठी खोडी मनाची आहे. रेचल हर्झ व ज्यूलिया फॉन क्लेफ या संशोधिकांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकच आंबूस वास लोकांस दोन नांवांनीं हुंगावयास दिला. तो चीजचा आहे असें सांगितलें तेव्हां तो त्यांस बरा वाटला. ओकारीचा आहे असें सांगितलें तेव्हां त्याची किळस आली. कुपी पालटली नव्हती, नांव तेवढें पालटलें होतें. नाकाच्या आधीं कान वास घेतो, असें म्हटलें तरी चालेल.

मग कोणता भेद अंगाचा व कोणता नाकाचा, हें ओळखावें कसें? यासाठीं एक सोपा प्रयोग आहे. तो घरीं सुटीच्या दिवशीं करण्यासारखा आहे. तीन माणसांनीं हात साध्या पाण्यानें धुऊन पुसावे, व प्रत्येकाच्या मनगटास त्याच अत्तराचा सारखाच लहान थेंब एकाच वेळीं लावावा. चौथा थेंब टिपकागदाच्या पट्टीवर टाकावा. टिपकागदास ऊब नाहीं, घाम नाहीं, जीवाणूंची जेवणावळ नाहीं. तो निःपक्षपाती पंच समजावा. मग दुसऱ्या तिघांनीं डोळे बांधून, कोणाचा हात आहे हें न सांगतां, चारी ठिकाणचा वास घ्यावा, व काय वाटलें तें वहींत लिहावें. लावतांच एकदां, पाव तासानें, एक तासानें व चार तासांनीं असे चार वेळां हें करावें. एकमेकांचें लिहिलेलें वाचूं नये.

आतां निकाल असा वाचावा. हात क्रमांक १ व हात क्रमांक २ यांत तोच भेद तिघांहि हुंगणाऱ्यांस जाणवला, तर तो भेद अंगाचा समजावा. भेद पहिल्या तासांतच असून चार तासांनीं तिन्ही हात सारखे होत आले, तर कारण बहुधा ऊब व स्निग्धता यांत आहे. परंतु टिपकागदाच्या पट्टीविषयींच तिघांनीं तीन मतें दिलीं, तर अंगास दोष देण्यास जागाच उरली नाहीं. भेद नाकांचा आहे. गेल्या वर्षीं आम्हीं आठवीच्या वर्गांत हा प्रयोग करविला. एकाच टिपकागदास एकानें ‘ओली माती’ म्हटलें, दुसरीनें ‘मसाल्याचा डबा’, तिसऱ्यानें ‘वैद्याचें दुकान’, व एका मुलीनें ‘आजीची पेटी’. वर्गांत हंशा पिकला. पण त्या एका टिपकागदानें जें शिकविलें तें आमच्या तासभर व्याख्यानानें साधलें नसतें.

प्रयोगाबरोबर एक सावधगिरीची सूचना. सुगंधी द्रव्यें निसर्गांतील असलीं म्हणून सर्वांच्या त्वचेस सोसतातच असें नाहीं. लवंगेंतील युजेनॉलनें कित्येकांच्या अंगास खाज सुटते. यूरोपांत ओक वृक्षावर होणारें दगडफुलाच्या जातीचें शैवाक सुगंधांत फार वापरीत. त्याच्या अर्कांत आढळणारीं दोन द्रव्यें त्वचेस बाधक ठरल्यामुळें यूरोपीय संघानें २०१७ सालीं त्यांवर बंदी घातली. म्हणून नवें अत्तर प्रथम कोपराच्या आंतल्या बाजूस तिळाएवढें लावून एकदोन दिवस पाहावें. लाली अगर खाज आल्यास तें वापरूं नये, व लहान मुलांच्या अंगास तर लावूंच नये.

विद्यार्थिमित्रहो, आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. एकच अत्तर दहा हातांवर दहा प्रकारचें कां भासतें? कारण वास हा एकट्या कुपींत राहत नाहीं. अत्तराच्या रेणूंची चाल, अंगाची ऊब व स्निग्धता, अंगाचा जन्मजात सूर, आणि हुंगणाऱ्याचें नाक व त्यामागचें मन, या सर्वांच्या भागीदारीनें तो उत्पन्न होतो. भागीदारींतील तोट्याचें खापर एकाच भागीदाराच्या माथीं फोडणें जसें अन्यायाचें, तसेंच ‘याच्या अंगास वास येतो’ म्हणून एका मुलास दूर बसविणें अन्यायाचें आहे.

स्वच्छतेची थोरवी आम्ही कमी लेखीत नाहीं. रोज स्नान करावें, काखा साबणानें धुवाव्या, धुतलेले कपडे घालावे. जीवाणूंच्या जेवणावळीवर याहून चांगला इलाज नाहीं, व अत्तर हें स्नानाच्या जागीं कधींहि चालावयाचें नाहीं. परंतु स्नानास पाणी लागतें, आणि पाणी सर्वांच्या दारीं सारखें येत नाहीं. ज्याच्या घरीं नळ आहे त्यानें, ज्याची आई पहांटे उठून दोन हंडे पाणी लांबून आणते त्याच्या सदऱ्याचा वास काढूं नये. जो मुलगा बापाबरोबर मासळीच्या होडीवर किंवा कातड्याच्या कामावर हात लावून मग शाळेंत येतो, त्याच्या हातास कष्टाचा वास आहे. त्यास ‘घाण’ हें नांव आपण दिलें तर घाण येईल, ‘मेहनत’ हें नांव दिलें तर तोच वास निराळा भासेल. नांवानें वास पालटतो हें आपण वर पाहिलेंच आहे.

म्हणून पुढच्या वेळीं कोणाच्या वासाविषयीं बोलण्याचा मोह झाला, तर आधीं टिपकागदाची आठवण करावी, व तक्रार अंगाची आहे कीं आपल्याच नाकाची, हें स्वतःस विचारून पाहावें. आणि दिवाळींत उटणें लावितांना मोथ्याचा मिरेरी काष्ठगंध आपणांस येतो कीं नाहीं, हें अवश्य हुंगून पाहावें. येत नसल्यास वाईट वाटून घेऊं नये. शेजाऱ्यास काय वास येतो तें विचारावें, म्हणजे एका उटण्याचे दोन वास पदरांत पडतील.